बाहुल्याच्या बदली चुनी

मुखेडच्या आठवडी बाजारात मी तीस वर्षं कटलरीचं दुकान लावलं. दुकान म्हणजे खाली पोतं, वर कापड आणि कापडावर माल. फण्या, पिना, रबर, आरसे, नेलपॉलिश आणि एका कोपऱ्यात पोरांची खेळणी. खेळणी हैदराबादहून पोत्यानं यायची. पोतं वजनावर घ्यायचं, आत काय निघेल ते निघेल. शिट्ट्या निघत, मोटारी निघत, आणि हिरोचे बाहुले निघत. तोंडावर मुखवटा, पाठीवर झगा, छाती फुगवलेली. पोरं त्यांच्यासाठी रडून जमीन उकरायची.

बहुतेक बाहुले हलका माल. पण एखाद्या पोत्यात एखादा असा निघायचा की हातात घेतल्याबरोबर कळायचं, हा दुसऱ्या घरचा आहे.

हे मला कळायचं त्याला कारण होतं. माझं माहेर देवणीकडचं. बाप जनावरांच्या बाजारात हेडी होता, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्या मधला दलाल. त्याला मुलगा नव्हता, म्हणून तो मला बरोबर न्यायचा. चौथीनंतर शाळा सुटली, बाजार सुटला नाही. वासरू पाय कसा टाकतं, खूर फाकतो का, सांधा भरलेला आहे की नुसता सुजलेला, हे मी तिथं शिकले. बाहुल्याला मी तेच लावलं. खांदा फिरवून सोडायचा. चांगल्याचा खांदा सोडला तिथं थांबतो, हलक्याचा हात गळून पडतो. काखेत नख फिरवायचं. जोडाची रेघ नखाला टोचली तर ठेवून द्यायचा. डोळे पाहायचे. हलक्या मालाचा एक डोळा आभाळात आणि एक बाजारात असतो. तळव्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असत. मला ती वाचता येत नव्हती, पण कडा धारदार आहेत की बोथट, ते बोटाला कळतं.

असे निघालेले मी विकले नाहीत. पोरं दोन्हींना एकच भाव देत. जातिवंत खोंड भाकड गाईच्या भावानं द्यायला माझा हात धजेना. पत्र्याच्या पेटीत टाकत गेले. पेटी भरत आली तेव्हा चाळीसेक झाले होते. आमचे मालक म्हणायचे, "लेक ल्हान होती तवा एक बाहुली आणली न्हाईस घरात. आन् आता दात पडायच्या वक्ताला पेटी भरून ठेवलीस."

मी म्हणायची, "तुमी तंबाखू भरता, मी बाहुले भरते. माझं थुकावं तरी लागत न्हाई."

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या सालची ही गोष्ट. सलग काही वर्षं पाऊस हुलकावणी देत होता. आमच्या गावाला टँकर यायचा तो माणसांपुरता. वैरण तर पैसे देऊनही मिळेना. एका जिल्ह्याचा चारा दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ देत नव्हते. माझ्या माहेराकडं थोडा कडबा होता, पण ते लातूर जिल्ह्यात आणि आम्ही नांदेड जिल्ह्यात. मध्ये नाका. त्याच दिवसांत उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी बोलवा उठली होती. कुणी म्हणे मुखेड त्यात जाणार, कुणी म्हणे नाही. मालक पारावरून रोज नवी बातमी घेऊन येत.

"नवा जिल्हा झाला की देवणी आन् आपण एकच. मंग कडब्याला कोण आडवतंय?"

"जिल्हा होईस्तवर गाय उभी राहील का, ते इचारा त्यान्ला."

गाय गाभण होती. सातवा महिना. वानेरा जातीची, म्हणजे सगळी पांढरी आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी. बापानं मला लग्नात जी कालवड दिली, तिच्या वंशातली ही शेवटची. मी तिला कधी नाव ठेवलं नाही, गोंजारत बसले नाही. पण तिच्या आईचा खोंड पैदाशीला म्हणून लोक मागून घेऊन गेले होते, आणि या वेळी हिलाही तसाच जातिवंत वळू दाखवलेला होता. पोटात काय आहे ते मला पाहायचं होतं. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. मालकांनी सांगून टाकलं की येत्या दोन बाजारांत वैरणीची सोय झाली नाही तर गाय मुखेडला न्यायची. त्या सालात हाडकुळी गाभण गाय घेणारा ती कशाला घेतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.  

माझी नात, लेकीची लेक, लातूरला क्लासला होती. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची. सुटीत आली तेव्हा तिनं पेटी उघडली आणि तिथंच फतकल मारून बसली.

"आज्जी, हे तू कुठून जमवलंस? हे कलेक्शनवाले आयटम हायत. अॅक्शन फिगर म्हणतात ह्यान्ला."

"पोत्यातून निघाले."

"माझ्या क्लासमधल्या मैत्रिणीचा भाऊ हेच गोळा करतो. काचेचं कपाट भरलंय त्याचं. डाळ मिल हाय त्यांची."

बाकी सगळं मी ऐकून सोडून दिलं, डाळ मिल तेवढी धरली. तुरीची डाळ काढल्यावर तिचा चुरा म्हणजे चुनी राहते, टरफलाचा भुसा राहतो. जनावराला दोन्ही चालतं. आणि तो मिलचा माल, त्याला नाक्यावर बंदी नव्हती. मी नातीला सांगितलं, त्याला विचार, पैसे नकोत, पाऊस पडेपर्यंत एका गाईला पुरेल एवढी चुनी आणि भुसा देतो का.

तिनं फोनवर सगळ्यांचे फोटो काढून पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं. बाकीचे ठीक आहेत, पण तांबडा झगा आणि छातीवर सूर्य असलेला खरा असेल तर तीस पोती देतो. पुढच्या रविवारी घेऊन या.

सूर्यवाला मी ओळखून होते. पेटीतला सगळ्यात घट्ट सांध्यांचा तोच. फक्त छातीवरचा सूर्य अर्धा झिजलेला आणि गुडघ्यावरचा रंग उडालेला.

आता माझ्या बापाच्या घरची रीत सांगते. जनावर बाजाराला काढायचं तर आदल्या दिवशी त्याला धुवायचं. काचेच्या तुकड्यानं शिंगं खरवडायची, तेल चोळायचं, वर रंग द्यायचा. नवी वेसण घालायची. जसं आहे तसं उठवून नेणारा माणूस एक तर आळशी किंवा अडलेला, असं समजायचे, आणि अडलेल्याचा भाव पडतो. नात लातूरला परत गेल्यावर मी तेच केलं. वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी बाजूला काढून सगळे बाहुले एकेक करून पुसले. खोबरेल तेलाचं बोट सांध्यांना लावलं. मग दुकानातली तांबड्या नेलपॉलिशची बाटली काढली. रंग तंतोतंत जुळत होता. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून झग्याची कड भरली, गुडघा भरला. सूर्याला सोनेरी बाटली होती, तिनं किरणं ओढली. माझा हात त्या वयातही कापत नव्हता. ओसरीत उन्हाला ठेवून मालकांना दाखवला.

"झकास," ते म्हणाले. "आता कोण बी म्हनंल नवाच हाय."

एसटीनं लातूरला गेले. पेटी मांडीवर. गावात शिरल्यापासून दोन्ही बाजूंनी घागरी आणि ड्रम रांगेत मांडलेले, माणसं सावलीत बसलेली. नात स्टँडवर आली होती. रिक्षानं मिलमध्ये गेलो. मिलच्या मागच्या अंगाला चुनीची पोती थप्पी लावून ठेवलेली होती. मी आधी ती पाहून घेतली. वास बरा होता, बुरशी नव्हती.

पोरगा तिशीच्या आतला, चष्मेवाला, नम्र. वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. भिंतभर काचेचं कपाट, आत बाहुलेच बाहुले, खाली छोटे दिवे.

"आजी, पाणी घ्या." अर्धा पेला दिला. त्या दिवसांत लातूरला कुणी पूर्ण पेला देत नव्हतं.

त्यानं पांढरे हातमोजे घातले, टेबलावर फडकं अंथरलं आणि पेटीतला पहिला बाहुला उचलला. खांदा फिरवला. काखेत पाहिलं. उलटा करून तळवा भिंगाखाली धरला. मी खुर्चीत सरळ झाले. हा पोरगा माझ्या बापासारखाच पाहत होता. एक उजवीकडं ठेवला, एक डावीकडं. उजवीकडचे खरे, डावीकडचे हलके. माझा हात बसण्याआधी, पहिल्या वर्षांत टाकलेले काही हलकेही पेटीत होते. मी मनात आधीच ठरवायचे आणि त्याचा हात कुठं जातो ते बघायचे. बहुतेक वेळा जुळत होतं.

एक हिरव्या चिलखताचा त्यानं डावीकडं टाकला.

"त्यो उचला परत," मी म्हणाले.

"का? अक्षरं नाहीत तळव्याला."

"तळवा झिजलाय. गुडघा वाकवा. पुन्हा वाकवा. आवाज एकदाच आला का न्हाई? हलक्याचा दोन्ही बारीला येतो."

त्यानं वाकवला, कानाशी नेऊन वाकवला, माझ्याकडं पाहिलं आणि बाहुला उजवीकडं ठेवला. "आजी, तुम्ही कुठं शिकलात हे?"

"जनावरं विकली हायत आमी."

तो हसला. मग त्यानं सूर्यवाला उचलला.

माझी नात माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या दंडावर आला आणि घट्ट आवळला गेला. ती कानाशी म्हणाली, "आज्जी, काय केलंस तू ह्याला?"

"सजवला. बाजाराला आणायचा म्हणून."

"वाटोळं केलंस. ह्यात मूळचा रंगच बघतात. झिजलेला चालतो, वरून लावलेला न्हाई चालत. शून्य होतं मोल."

 झिजलेलं जास्त मोलाचं आणि रंगवलेलं बिनमोलाचं, असा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. समोर पोरगा बाहुला फिरवत होता. भिंग छातीवर आलं, गुडघ्यावर गेलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले. कपाळावर आठी पडते का तेवढं पाहत होते.

"फोटोत झिजलेला वाटला होता," तो म्हणाला. "फोनचा कॅमेरा साधा असेल. हा तर उत्तम निघाला." त्यानं भिंग खाली ठेवलं. त्याचा चेहरा फुलला होता. हवं ते सापडलं की माणसाची नजर तिथंच थांबते. मी हे शंभर वेळा पाहिलं होतं, बाप याच क्षणाला रुमालाखाली बोटं पकडून सौदा पक्का करायचा.

त्यानं खिडकीतून खाली हाक मारली. "तीस पोती टेंपोत टाका. मुखेडला डाळ जाणार आहे, त्याच्याबरोबरच."

बापाच्या बाजारात एक नेम होता. घेणारा जनावराच्या पाठीवर हात ठेवून "खोड सांग" म्हणाला की विकणाऱ्यानं खोड सांगायची, लपवायची नाही. त्यानं विचारलं नाही तर विकणाऱ्यानं तोंड उघडायचं कारण नाही. डोळे त्याचे, नुकसान त्याचं. या पोरानं मला काही विचारलं नव्हतं. त्यानं कपाट उघडलं, मधल्या फळीवरचे दोन बाहुले सरकवले आणि सूर्यवाल्याला जागा केली. खाली पोत्यांचे धप्प धप्प आवाज येऊ लागले. मी ते मोजत होते. एक, दोन, तीन.

नात उठून उभी राहिली. हळूच म्हणाली, "आज्जी, तू सांग. न्हाई तर मी सांगते."

"सांग. मंग गाईला बाजारात तूच घेऊन जा."

 तिचे डोळे भरले, पण तिनं तोंड उघडलं नाही. मला ते पाहून बरं वाटलं नाही. त्या पोराच्या बहिणीशेजारी बाक धरून तिला आणखी वर्षभर बसायचं होतं. नेलपॉलिश किती दिवस टिकतं ते मला ठाऊक होतं, मी तीस वर्षं विकत होते. दोन महिन्यांत पापुद्रा सुटणार होता. आणि दुसरी गोष्ट अशी की आमच्या बाजारात न विचारणाऱ्याला विचारायचं असतं हे माहीत असतं. या पोराला ते माहीतच नव्हतं. या दोन्हींतलं कोणतं कारण मोठं होतं ते मी तेव्हा तोललं नाही, आजही तोललेलं नाही.

अकरावं पोतं पडलं आणि मी म्हणाले, "शेठ, थांबा. त्यो बाहेर काढा."

"काय झालं?"

"झग्याच्या कडेला वास घ्या."

त्यानं नाकाशी नेला. एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा नातीकडं. "नेलपॉलिश?"

"हाव. मी लावलंय. सूर्याला सोनेरी, बाकी तांबडं. फोटो खरा होता."

त्यानं बाहुला फडक्यावर आडवा ठेवला. मग एका बाटलीतलं औषध कापसावर घेऊन त्यानं झग्याच्या मागच्या कोपऱ्याला लावलं. नेलपॉलिश सुटलं आणि त्याच्याबरोबर खालचा मूळचा तांबडाही कापसाला आला. त्यानं कापूस टेबलावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"आजी, सहा वर्षं शोधतोय मी हा. लावायचंच होतं तर एकदा विचारायचं तरी."

"कुणाला इचारायचं? आमच्याकडं म्हातारा बैल बी शिंगं रंगवून नेतात. न्हाई रंगवला तर घरी काय हाल हायत ते दिसतं."

"अहो, हा बैल आहे का?"

"तुमीच त्याचे सांधे बघून राहिलात बैलासारखे. मला काय ठावं पुढलं येगळं असतं."

नातीला हसू आलं, रडता रडता. तो हसला नाही. खिडकीशी जाऊन त्यानं ओरडून सांगितलं, "थांबवा. किती पडली?"

"बारा!" खालून उत्तर आलं.

मला ठाऊक होतं, आता बोलले नाही तर ती बाराही उतरतील. मी उठले, टेबलाशी गेले आणि उजवीकडच्या ढिगावर हात ठेवला. "सूर्यवाला गेला, मान्य. ह्यांचं बोला. हे तुमीच खरे ठरवलेत. ह्यान्ला मी फक्त तेल लावलंय, सांध्यात. रंगाला हात लावला न्हाई."

"त्याची पाच पोती होतात."

"पाच? हिरवा तर तुमी टाकून देत होता. मी बोलले नसते तर गेला असता भंगारात."

असं तासभर चाललं. त्यानं प्रत्येक बाहुला पुन्हा भिंगाखाली घातला, या वेळी वास घेऊन. मी एकालाही सोडलं नाही आणि त्यानंही नाही. शेवटी बारा पोती टेंपोत राहिली. पेटीतले सगळे खरे त्याच्याकडं राहिले. सूर्यवाला त्यानं माझ्या हातात परत दिला.  निरोप घेताना नमस्कार केला, तेवढी रीत त्यानं पाळली. नात मला स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "बारा पोती पुरतील का?"

"न्हाई."

बारा पोती म्हणजे मी हिशेबानं घातली तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, आणि पाऊस वेळेवर आला तर. मी रोज पायलीनं मोजून चुनी भिजवायची, त्यात भुसा कालवायची. मालक वडाची आणि सुबाभळीची पानं आणायचे. मुखेडचे दोन बाजार गेले. ते दावं सोडायचं म्हणाले नाहीत, मीही तो विषय काढला नाही. गाईच्या फासळ्या दिसतच राहिल्या, पण ती सकाळी आपल्या पायांनी उठत होती. शेवटचं पोतं झटकलं तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस यायला आणखी तेरा दिवस लागले, तेवढे दिवस ती नुसत्या पाल्यावर राहिली. त्यातल्या दहाव्या दिवशी व्याली. मी आणि मालक दोघांनी ओढून वासरू काढलं, तिच्या अंगात जोर नव्हता.

खोंड होता. वानेरा, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं बरोबर उतरलेलं. तिसऱ्या महिन्यात माहेराकडचे पैदास पाहणारे दोघं मुद्दाम आले. त्यांनी त्याला अंगणात दोन फेऱ्या चालवलं. मागच्या पायांकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं.

"मावशे, मागचे पाय बारीक राहिले ह्याचे. पोटात असतानाच उपासाचा मार बसलाय. वळूला न्हाई चालायचा."

मालक त्यांच्याशी वाद घालायला लागले. जात सांगितली, माझ्या बापाचं नाव सांगितलं. मी मालकांना गप्प केलं. खाली बसून खोंडाच्या मागच्या दोन्ही सांध्यांवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले. ते लोक बरोबर सांगत होते. मी त्यांना चहा केला आणि म्हणाले, "पैदाशीला न्हाई. कामाला होईल."

चार वर्षं झाली, तो कामाला आहे. गाय नंतर दोनदा व्याली, दोन्ही वेळा कालवडी.